इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी पार्किंगमधला प्लग, मग बुकिंग

"गाडी दारात आली, पण सोसायटी चार्जर लावू देत नाहीये." "प्लग लावला की चार्जरवर लाल दिवा लागतो." "शोरूममध्ये सव्वातीनशे किलोमीटर सांगितले होते, दोनशेच्या पुढे गाडी जातच नाही." इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या ओळखीच्या लोकांचे असे फोन मला वरचेवर येतात, आणि जवळजवळ सगळे डिलिव्हरीनंतर येतात. यातल्या बहुतेक तक्रारींमध्ये गाडीचा दोष नसतो. क्रम उलटा झालेला असतो. आधी गाडी बुक, मग वीज कुठून घ्यायची याचा विचार, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन सगळ्यात शेवटी.

खाली जो क्रम दिला आहे तो तसाच पाळा. पहिले पाच टप्पे बुकिंगच्या आधीचे आहेत, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

हिशेबासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात सांगतात. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. पुढे मी सगळीकडे युनिटच म्हणेन आणि उदाहरणाला 30 युनिटच्या बॅटरीची गाडी घेईन.

टप्पा 1: रोजचं अंतर अंदाजाने नाही, लिहून काढा

सध्याच्या गाडीचं मीटर रीडिंग दोन आठवडे रोज रात्री लिहा. बरेच लोक वर्षातून दोनदा होणारा गावचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवून बॅटरी निवडतात आणि उरलेले साडेतीनशे दिवस तिचं ओझं वाहतात.

आता हिशेब. कंपनीने छापलेली रेंज चाचणीतली असते. शहरातली गर्दी, एसी, आपला वेग हे सगळं धरून तिच्या 65 ते 70 टक्के आकडा खरा माना. लहान-मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये साधारण 6 ते 6.5 किलोमीटर जाते. तुमचं रोजचं अंतर 45 किलोमीटर असेल तर गाडीला 7 युनिट लागतील. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून भिंतीतून सुमारे 8 युनिट जातील.

घरातल्या जाड तीन पिनांच्या, 15-16 अँपिअरच्या सॉकेटमधून गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर साधारण 3 किलोवॅटने वीज घेतो. म्हणजे 8 युनिट भरायला पावणेतीन तास. रात्री अकराला लावलं तर दोनच्या आत काम झालं.

"पूर्ण चार्ज व्हायला दहा-अकरा तास लागतात" हे वाक्य ऐकून लोक घाबरतात ते इथेच चुकतात. टाकी रिकामी झाली की पंपावर जायचं, ही पेट्रोलची सवय. फोन आपण रात्री झोपताना लावतो, तशी ही गाडी लावायची असते. शून्यापासून शंभरपर्यंत चार्ज करायची वेळ क्वचितच येते.

तपासा: बॅटरी 80 टक्क्यांवरून 20 टक्क्यांपर्यंत वापरली तर 30 युनिटपैकी 18 युनिट हाताशी राहतात, म्हणजे सुमारे 115 किलोमीटर. तुमचा सगळ्यात धावपळीचा दिवस यात बसतो का? बसत असेल तर मोठ्या बॅटरीसाठी जादा पैसे टाकण्याआधी पुन्हा विचार करा.

सावधान: गाडी रस्त्यावर लावावी लागत असेल, हक्काची जागा नसेल आणि ऑफिसमध्येही खात्रीचा चार्जर नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे की आत्ता थांबा. फक्त सार्वजनिक चार्जरवर रोजची गाडी चालवता येते, पण दर तीन-चार दिवसांनी तास-दीड तास त्यात जातो आणि दरही घरच्यापेक्षा बराच जास्त पडतो. सार्वजनिक चार्जिंगवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो वेगळाच.

टप्पा 2: पार्किंगपर्यंत वीज कशी येणार ते पाहा

परवानाधारक इलेक्ट्रिशियनला घेऊन मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत चालत जा. सोबत मोजपट्टी न्या. केबल भिंतीवरून, ट्रेमधून, वळसे घेत जाते, त्यामुळे नजरेला 25 मीटर वाटणारं अंतर 40 मीटर निघतं.

चार गोष्टी पाहायच्या.

पहिली म्हणजे मंजूर भार. वीजबिलावर तो किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तुमचा मंजूर भार 3 किलोवॅट असेल आणि घरात एसी, गीझर आणि गाडी एकदम चालणार असेल, तर भार वाढवून घ्यावा लागेल. भिंतीवरचा 7.2 किलोवॅटचा चार्जर लावायचा असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तो एकटाच 32 अँपिअर घेतो.

दुसरी म्हणजे केबलची जाडी. 32 अँपिअरच्या चार्जरला 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल 50 मीटर टाकली तर वाटेतच सुमारे 10 व्होल्ट पडतात. 10 चौरस मिलिमीटरची टाकली तर सुमारे 6. अंतर जास्त असेल तर जाड केबलचे पैसे वाचवू नका. गाडी बदलाल, पण केबल तीच राहणार आहे.

तिसरी म्हणजे अर्थिंग, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. घरचा फ्रिज, गीझर अर्थिंग नसतानाही मुकाट चालतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते बरोबर नसेल तर वीज घ्यायलाच नकार देतो. लाल दिव्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. दहा-पंधरा दाखवत असेल तर नवा अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, करावा लागेल. चार्जर चालावा म्हणून न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देणारे महाभाग भेटतात. असं कुणी सुचवलं तर त्याच्याकडून पुढचं काम करून घेऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल.

चौथी म्हणजे सॉकेट. इथे माझाच अनुभव सांगतो. पहिल्या महिन्यात मी पार्किंगमधला जुना 15 अँपिअरचा सॉकेट वापरला. त्यावर पूर्वी पाण्याचा पंप चालायचा, म्हणजे "मजबूत" असणार असं गृहीत धरलं. एका रात्री खाली गेलो तर जळक्या रबराचा वास येत होता. बटण बंद करून प्लग काढायला गेलो तर तो निघेना. जोर लावल्यावर निघाला तेव्हा एक पिन निळसर काळी पडली होती, सॉकेटच्या त्या छिद्राभोवतीचं पांढरं प्लास्टिक चॉकलेटी होऊन आत वितळलं होतं आणि आतली पितळी पट्टी सैल पडून हलत होती. पंप वीस मिनिटं चालायचा. गाडी सलग सात तास 13-14 अँपिअर ओढत होती. सैल पकडीत तेवढ्या वेळात केवढी उष्णता साठते, ते त्या पिनेवर लिहिलेलं होतं.

त्यामुळे सॉकेट नवा, चांगल्या कंपनीचा, 16 अँपिअरचा, आणि मीटरपासून फक्त त्याच्यासाठी ओढलेली वेगळी लाईन. त्यावर दुसरं काही नको.

सावधान: एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही. एका रात्रीपुरताही नाही, आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून तर मुळीच नाही.

रोज 60 किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याला हा साधा सॉकेट पुरतो, असं माझं मत आहे. 7.2 किलोवॅटचा चार्जर रोज शंभरच्या आसपास फिरणाऱ्यांना, किंवा एकाच जागी दोन गाड्या असलेल्यांना लागतो. गाडीबरोबर तो मिळणार असला तरी बसवण्यातली ठरावीक मीटरपर्यंतचीच केबल मोफत असते, पुढचा खर्च तुमचा. तो आकडा आधी लेखी घ्या.

टप्पा 3: सोसायटीकडे अर्ज, कागदांसकट

"मला चार्जर लावायचाय, चालेल ना?" असं लिफ्टमध्ये विचारलं की उत्तर "बघू, मीटिंगमध्ये काढू" असंच येतं. समितीला भीती असते ती आगीची, सामायिक वीजबिलाची आणि "उद्या सगळेच मागतील" याची. या तिन्ही शंकांचं उत्तर अर्जातच द्या.

अर्जाला जोडायचं ते असं:

1. पार्किंगची जागा तुमच्या नावे दिल्याचं पत्र. भाड्याने राहत असाल तर घरमालकाची लेखी संमती.
2. इलेक्ट्रिशियनने काढलेला साधा नकाशा, ज्यात मीटर, केबलचा मार्ग, एमसीबी (जादा भार आला की लाईन तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) आणि सॉकेटची जागा दिसते. केबल जिन्यातून किंवा अग्निशमनाच्या पाइपांना लटकून जाणार नाही, हे त्यात स्पष्ट दिसू द्या.
3. सगळा खर्च मी करणार, वीज माझ्या मीटरवर किंवा मी घेणार असलेल्या वेगळ्या मीटरवर, आणि घर सोडताना जोडणी काढून जागा पूर्ववत करून देणार, असं हमीपत्र.
4. इलेक्ट्रिशियनच्या परवान्याची प्रत.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी होकारावर काम सुरू करू नका. समिती बदलली की तोंडी होकार बदलतो.

नियम तुमच्या बाजूने आहेत, पण ते भांडायला नाही, समजवायला वापरा. गाडी चार्ज करणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ईव्ही चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळी जोडणी मागता येते. याची छापील प्रत अर्जाला लावली की चर्चा "द्यायचं की नाही" वरून "कसं द्यायचं" वर येते.

तुमच्याबरोबर आणखी दोन-तीन सभासद विचारात असतील तर सगळ्यांनी मिळून अर्ज करा. एकच जाड केबल पार्किंगपर्यंत आणून तिथून फाटे काढणं प्रत्येकाला स्वस्त पडतं, आणि भिंतीवर आठ वेगवेगळ्या वायरी लोंबत नाहीत.

टप्पा 4: घरचाच मीटर की वेगळा?

स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. पण महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. महिन्याला 1000 किलोमीटर फिरलात तर वीज गळतीसकट सुमारे 170 युनिट वाढतील. घरचा वापर आधी 150 असेल तर एकूण 320 होतात.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. 300 ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असं नाही. वरच्या दराने फक्त 300 च्या पुढचे युनिट जातात. या उदाहरणात ते 20 आहेत, आणि तेवढ्यासाठी वेगळा मीटर घेण्यात अर्थ नाही. पण घरी दोन एसी असतील आणि वापर आधीच 350 असेल, तर गाडीचे सगळेच युनिट महागड्या टप्प्यांत पडतील. तिथे वेगळ्या मीटरचा, ईव्हीच्या स्वतंत्र दराचा हिशेब नक्की करा. त्यात स्थिर आकार आणि वेळेनुसार बदलणारा दरही धरा.

मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर घेऊन बसा. एकट्या मे महिन्याचं बिल पाहून निर्णय घेऊ नका.

वेगळा मीटर ठरला तर वीज कंपनीच्या संकेतस्थळावर नवीन जोडणीचा अर्ज करा. सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल हाताशी ठेवा. अर्ज पूर्ण असेल तर 2024 च्या त्याच दुरुस्तीत नवीन जोडणीची मुदत महानगरांत 3 दिवस, इतर नगरपालिका भागांत 7 दिवस आणि ग्रामीण भागात 15 दिवस अशी ठरवली आहे. बहुतेकांचं घोडं मीटर रूममध्ये नवा मीटर बसवायला जागा नसल्याने अडतं, तेवढं टप्पा 2 मध्येच पाहून ठेवा.

सावधान: जिन्यातले दिवे आणि लिफ्ट ज्यावर चालते त्या सामायिक मीटरवरून "तात्पुरती" लाईन घेऊ नका. पहिल्याच बिलाला वाद होतो आणि त्या वादात पुढच्या सगळ्यांच्या परवानग्या अडकतात.

टप्पा 5: काम झालं की चाचणी, आणि तीही खऱ्या गाडीने

बसवलेल्या लाईनवर एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी दोन्ही हवेत. एमसीबी केबलला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. "एमसीबी आहे की, मग आरसीसीबी कशाला?" असं म्हणून तो वगळला जातो. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून पाहा. लाईन पडली पाहिजे.

सॉकेट जमिनीपासून चार फुटांच्या आसपास असू द्या. तळघरात पाणी भरत असेल तर मागच्या पावसाळ्यात पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं ते वॉचमनला विचारा, आणि त्याच्या बरंच वर बसवा.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती. शोरूमला सांगा की टेस्ट ड्राइव्हची गाडी तिच्या पोर्टेबल चार्जरसकट घरी आणा. ती तुमच्याच जागेत, तुमच्याच सॉकेटला अर्धा तास लावा. गाडी जागेत बसते का, चार्जिंगचं तोंड कोणत्या बाजूला येतं, केबल शेजाऱ्याच्या गाडीखालून जाते का, अर्थिंगचा लाल दिवा लागतो का, हे सगळं त्या अर्ध्या तासात कळतं. शोरूमवाले थोडी कुरकुर करतील, पण विक्री हवी असते म्हणून येतात.

तपासा: अर्ध्या तासानंतर प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर काम पुन्हा करून घ्या.

टप्पा 6: आता बुकिंग

हा टप्पा छोटा आहे, कारण अवघड काम झालेलं आहे. डिलिव्हरी घेताना पोर्टेबल चार्जर डिकीत आहे का, बॅटरीच्या वॉरंटीच्या अटी, विमा पॉलिसीत चार्जर धरला आहे का, आणि फास्टॅग गाडीच्या योग्य प्रकारात नोंदला आहे का, हे पाहा. हिरव्या नंबर प्लेटमुळे टोलची सूट आपोआप मिळेल असं समजू नका. अटल सेतूवर 22 ऑगस्ट 2025 पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे, पण फास्टॅगची नोंद चुकीची असेल तर पैसे कापले जातात आणि परत मिळवायला खेटे घालावे लागतात.

टप्पा 7: रोजची सवय

लावताना आधी भिंतीत प्लग, मग बटण चालू, मग गाडीत गन (केबलच्या टोकाचा, गाडीत बसणारा जोड). काढताना उलटा क्रम: आधी गाडीतून किंवा अ‍ॅपमधून चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा, गन काढा, बटण बंद करा, शेवटी प्लग. वीज वाहत असताना भिंतीतला प्लग ओढला की पिनांवर ठिणगी पडते, आणि माझ्या सॉकेटचं जे झालं त्याची ती सुरुवात असते.

पोर्टेबल चार्जरचा डबा केबलला लोंबकळत ठेवू नका. त्याच्या वजनाने प्लग हळूहळू खाली ओढला जातो आणि पकड सैल होते. भिंतीत एक खुंटी ठोका आणि डबा त्यावर अडकवा.

रोज 80 टक्क्यांपर्यंत भरा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला अधूनमधून, बऱ्याच कंपन्यांच्या सांगण्यानुसार आठवड्यातून एकदा, संथ चार्जरवर 100 टक्के भरणं गरजेचं असतं, नाहीतर स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा फसवायला लागतो. तुमची बॅटरी कोणती आणि कंपनी काय म्हणते ते पुस्तिकेत पाहा. तिथे लिहिलंय ते शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा वरचं माना, कारण शेजाऱ्याची बॅटरी वेगळी असू शकते.

वीज जाण्याचा दिवस ठाऊक असू द्या. पुण्यात देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद असते, तर बुधवारी रात्री न विसरता भरून ठेवा.

आणि आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. या गाडीतही 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते. दरवाजे, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीचा मुख्य स्विच तिच्यावर चालतात. ती मेली तर मोठी बॅटरी 90 टक्के भरलेली असूनही गाडी हलत नाही. महिनाभर गावाला जाणार असाल तर गाडी 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा, आणि छोट्या बॅटरीचं काय करायचं ते सर्व्हिस सेंटरला विचारून जा.

टप्पा 8: सार्वजनिक चार्जरची रंगीत तालीम

पहिल्यांदा सार्वजनिक चार्जर वापरायचा तो भर दुपारी, हायवेवर, 9 टक्के बॅटरी आणि मागच्या सीटवर भुकेली मुलं असताना नव्हे. एखाद्या रविवारी सकाळी घराजवळच्या चार्जरवर जा. घरची लाईन चालू असली तरी जा.

1. टाटा पॉवर, स्टॅटिक, जिओ-बीपी, चार्जझोन या चार्जिंग कंपन्यांपैकी तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर जे आहेत त्यांची अ‍ॅप घरूनच डाउनलोड करून ठेवा आणि त्यातल्या दोन-तीनांच्या वॉलेटमध्ये थोडे पैसे ठेवा. मॉलच्या तळघरात ओटीपी येत नाही.
2. डीसी, म्हणजे जलद, चार्जरवर सीसीएस-2 ही गन पाहा. आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांना तीच लागते.
3. गन सरळ, शेवटपर्यंत दाबा. केबल जड असते. खालून हाताचा आधार दिला नाही तर गन तिरकी बसते आणि संपर्क होत नाही. "चार्जर बंद आहे" म्हणून लोक निघून जातात, त्यातल्या काही वेळा चूक एवढीच असते.
4. क्यूआर स्कॅन करा आणि स्क्रीनवर किलोवॅटचा आकडा येईपर्यंत जागचे हलू नका. चहाला गेलात आणि चार्जिंग दुसऱ्याच मिनिटाला बंद पडलं, असं होतं. सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी एकदा पाहून मगच जा.

चार्जरवर 60 किलोवॅट लिहिलंय म्हणून तेवढाच वेग मिळेल असं नाही. शेजारच्या गनवर दुसरी गाडी असेल तर अनेक चार्जर तो 30-30 वाटून देतात. आणि तुमची गाडी जास्तीत जास्त 30 घेत असेल तर 120 किलोवॅटच्या चार्जरवरही ती 30 च घेणार.

सावधान: गन निघत नसेल तर हिसका देऊ नका. अ‍ॅपमधून थांबवा, गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करा, आणि मग ओढा. तरीही अडकली तर अनेक गाड्यांत हाताने सोडवायची दोरी असते. ती कुठे आहे ते आजच पुस्तिकेत शोधून ठेवा. चार्जरवरचं लाल आपत्कालीन बटण धूर, ठिणगी किंवा शॉक लागला तरच दाबायचं. ते दाबलं की चार्जर मागच्या सगळ्यांसाठी बंद पडू शकतो.

टप्पा 9: लांबचा प्रवास आखताना

उदाहरण घेऊ पुणे ते कोल्हापूर, साधारण 230 किलोमीटर. गाडी तीच, 30 युनिटची. ताशी 80-90 च्या वेगाने एका युनिटला 6 किलोमीटर धरा, म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीत 180. एक थांबा लागणार. तो कुठे?

बरेच जण कऱ्हाड निवडतात, कारण तिथपर्यंतचे 160 किलोमीटर "बसतात". बसतात, पण पोचाल तेव्हा 11 टक्के उरलेले असतील. तिथला चार्जर बंद असला किंवा रांग असली तर पुढे जायला हातात काही नाही.

साताऱ्याला थांबा. 110 किलोमीटरला सुमारे 18 युनिट जातील, पोचताना जवळपास 39 टक्के असतील. तिथला चार्जर बिघडलेला निघाला तरी कऱ्हाड आवाक्यात आहे. साताऱ्याहून कोल्हापूर 120 किलोमीटर, म्हणजे 20 युनिट. पोचताना 15 टक्के शिल्लक हवेत, म्हणून 82 टक्क्यांपर्यंत भरा. हे 13 युनिट 30 किलोवॅटच्या चार्जरवर अर्ध्या तासात भरतात. जेवण होईपर्यंत गाडी तयार.

नियम असा: पहिला चार्जर बंद निघाला तरी दुसऱ्यापर्यंत जाता येईल, एवढी बॅटरी शिल्लक असतानाच थांबायचं. चार्जर निवडताना अ‍ॅपवरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तिथे शेवटचं चार्जिंग कधी झालं आणि लोकांनी काय लिहिलंय ते वाचा. काल कुणीतरी गाडी भरली असेल तर तो चार्जर चालू असण्याची शक्यता चांगली.

80 टक्क्यांच्या पुढे डीसी चार्जिंग मंदावतं. शेवटचे वीस टक्के भरायला आधीच्या चाळीसइतका वेळ जाऊ शकतो, म्हणून पुढच्या थांब्यापुरतं झालं की निघा. मागे कुणीतरी वाट पाहत असतं.

वेगाचं गणित मनावर घ्या. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 ऐवजी 120 ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर 120 ची मुभा आहे, रस्ता मोकळा असतो, आणि रेंज कोसळते ती तिथेच. एसी बंद करून घामाघूम होण्यापेक्षा वेग 120 वरून 90 वर आणा. फरक कितीतरी मोठा पडतो.

घाटाचाही हिशेब असतो. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना साधारण साडेपाचशे मीटर उंची चढावी लागते. भरलेल्या गाडीला तेवढ्या चढासाठी नेहमीपेक्षा सुमारे 3 युनिट जास्त लागतात, म्हणजे आपल्या गाडीची 10 टक्के बॅटरी. उतरताना मोटर उलट वीज तयार करते, त्यामुळे त्यातली काही परत मिळते, सगळी नाही. म्हणून मुंबईहून येताना घाटाच्या पायथ्याला 15 टक्के पाहून "लोणावळा जवळच आहे" असं म्हणू नका.

सावधान: लोणावळा, महाबळेश्वर, आंबोली अशा उंचावरच्या ठिकाणी मुक्काम असेल तर सकाळी 100 टक्के भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज घ्यायला जागाच नसते, त्यामुळे पाय काढल्यावर गाडी जशी नेहमी मंदावते तशी मंदावत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. 85-90 वर थांबवा.

टप्पा 10: पाऊस, ऊन, आणि अडकलातच तर

पावसात चार्जिंग करता येतं. गन आणि गाडीचं तोंड त्यासाठीच बनवलेलं असतं. धोका असतो तो भिंतीकडच्या टोकाला, म्हणजे उघड्या सॉकेटमध्ये आणि जमिनीवर ठेवलेल्या चार्जरच्या डब्यात. झाकणाचा सॉकेट बसवा, हात आणि पिना कोरड्या ठेवा. पायाखाली पाणी साचलं असेल तर त्या रात्री चार्जिंग नको.

गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर पाणी ओसरल्यावर ती वरून कोरडी दिसते म्हणून चालू करू नका आणि प्लगही लावू नका. सर्व्हिस सेंटरला कळवा.

विदर्भातल्या मे महिन्यात, हायवेवर दोन तास पळवून आणलेली गाडी डीसी चार्जरला लावली की बॅटरी तापलेली असल्याने वेग कमी मिळतो. सावलीतला चार्जर मिळाला तर तो निवडा, आणि वेळेच्या हिशेबात पंधरा-वीस मिनिटं जादा धरा.

बॅटरी 10 टक्क्यांच्या खाली आली आणि चार्जर लांब असेल तर लगेच वेग 50-60 वर आणा, डाव्या लेनला या, इको मोड लावा. एसी मंद ठेवला तरी चालेल. या वेगाने गाडी नेहमीपेक्षा बरीच लांब जाते. वाटेत लॉज किंवा मोठा ढाबा दिसला तर मालकांना 15 अँपिअरच्या प्लगसाठी विचारा, युनिटचे पैसे आधीच देऊ करा. तासाभरात 15-17 किलोमीटरपुरती वीज मिळते, आणि पुढच्या चार्जरपर्यंत कित्येकदा तेवढीच कमी पडत असते. लाल दिवा लागला तर अर्थिंग नाही असं समजून आभार माना आणि दुसरीकडे विचारा. शेतातल्या पंपाच्या पेटीतून तार ओढून घेण्याच्या फंदात पडू नका.

गाडी थांबलीच, तर ती रस्त्याच्या कडेला असेपर्यंत चारही इंडिकेटर (हॅझार्ड लाईट) चालू ठेवा आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून फ्लॅटबेड, म्हणजे चारही चाकं वर घेणारा ट्रकच पाठवा असं स्पष्ट सांगा. दोरी बांधून ओढायला कुणी आपुलकीने पुढे आलं तरी नाही म्हणा. चाकं फिरली की मोटरही फिरते, वीज तयार होते, आणि ती आतली यंत्रणा जाळू शकते.